काचसदृश पॉलिमरमध्ये प्रकाशीय वर्णपट घेऊन नेमके काय कळते?

प्रश्नकर्ता (नागपूर, एम.एस्सी. भौतिकशास्त्र): नमस्कार. परिसंवादासाठी मी अतिशीत तापमानातील अस्फटिक घनपदार्थ (काचेसारखे, अणूंची नियमित रचना नसलेले) हा विषय घेतला आहे. झेलर आणि पोल यांनी 1971 मध्ये दाखवले की 1 केल्विनखाली काचेचा विशिष्ट उष्मा तापमानाच्या घनाऐवजी साधारण तापमानाच्याच प्रमाणात बदलतो. पुढच्या वर्षी अँडरसन, हाल्पेरिन व वर्मा यांनी आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी द्विस्तर प्रणालींची, म्हणजे जवळजवळ समान ऊर्जेच्या दोन मांडण्यांमध्ये अदलाबदल करणाऱ्या अणुगटांची, कल्पना मांडली. उष्मामापनातून एवढे कळत असेल, तर पॉलिमरमध्ये रंजकाचे रेणू मिसळून लेसरचा खटाटोप कशासाठी?

उत्तर 1: उष्मामापन सगळ्या प्रणालींची बेरीज देते, कोणती प्रणाली किती वेगाने अवस्था बदलते, हे त्यात दिसत नाही. पॉलिमरमध्ये प्रत्येक रंजक रेणूचा परिसर वेगळा असल्याने शोषणपट्टा शेकडो प्रतिसेंटिमीटर (वर्णपटातील तरंगसंख्येचे एकक) रुंद होतो आणि रेणूची स्वतःची अरुंद शून्य-फोनॉन रेषा (फोनॉन म्हणजे घनपदार्थातील कंपनाचा पुंज; त्याच्या सहभागाविना होणाऱ्या शोषणाची रेषा) त्यात बुडून जाते. 1974 मध्ये पुढे आलेल्या होल बर्निंग पद्धतीत अरुंद वारंवारितेच्या लेसरने पट्ट्यात एक खाच पाडतात आणि ती काळानुसार कशी रुंदावते ते पाहतात. ही रुंदी साधारणपणे काळाच्या लॉगॅरिदमनुसार वाढते, कारण द्विस्तर प्रणालींच्या अवस्थाबदलांमुळे रेणूंच्या रेषा सरकतात आणि या बदलांचे वेग फार विस्तृत पल्ल्यात विखुरलेले असतात. परिसंवादात मुख्य भर येथेच द्यावा, असे माझे मत आहे.

उत्तर 2: खाचही शेवटी असंख्य रेणूंची सरासरीच आहे, हे जोडतो. मोर्नर आणि काडोर यांनी 1989 मध्ये पॅरा-टर्फेनिल स्फटिकातील पेंटासीनचा एकटा रेणू ओळखला. त्यानंतर ओरिट आणि बर्नार्ड यांनी त्याच स्फटिकातील पेंटासीनचा एकटा रेणू प्रतिदीप्तीतून (प्रकाश शोषून रेणूने पुन्हा सोडलेल्या प्रकाशातून) पाहिला. हीच पद्धत पॉलिमरला लावली की एखाद्या रेणूची रेषा दोन वारंवारितांमध्ये उड्या मारताना दिसते, म्हणजे शेजारची एकच द्विस्तर प्रणाली हाती लागते. काही रेणूंची रेषा मात्र उड्या न मारता सरकत राहते, आणि सरळ द्विस्तर प्रतिमानात ती बसत नाही.

प्रश्नकर्ता: हे प्रयोग थंड ठेवायला द्रव हेलियम आवश्यकच आहे का?

उत्तर 1: हेलियमइतके शीत तापमान हवे, ते बंद-चक्र शीतकानेही मिळते, पण त्याची कंपने एकरेणू-मापनाला बाधक ठरतात. तापमान वाढले की फोनॉनमुळे रेषा रुंदावते आणि क्षीण होते, म्हणून द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनवर हा प्रयोग निष्फळ ठरतो. आपल्या मे महिन्यातील नागपूरबद्दल तर बोलायलाच नको.