१२:०८ च्या आधी चौकात कोण होतं?

खिडकीतला (धागालेखक)
२२ डिसेंबर १९८९ ला दुपारी १२:०८ ला रोमेनियाचा हुकूमशहा चाउशेस्कू राजधानी बुखारेस्टमधून हेलिकॉप्टरने पळाला. कॉर्नेलियू पोरुम्बोयूच्या '१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट' या चित्रपटात (२००६) सोळा वर्षांनी एका छोट्या गावातला टीव्हीवाला चर्चा ठेवतो: आपल्या गावात क्रांती झाली की नाही? म्हणजे १२:०८ च्या आधी कुणी चौकात आलं होतं का? पाहुणे दोन. कर्जबाजारी, दारुडा इतिहासाचा मास्तर आणि नाताळात सांताक्लॉज होणारा एक म्हातारा. मास्तर म्हणतो, मी होतो. मग फोनवर फोन: खोटं, तू तर पीत बसला होतास.
कान महोत्सवात 'कॅमेरा द'ऑर' (पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार) मिळाला, मान्य. पण मला हा चित्रपट दुष्ट वाटला. राजवट गेली, तरी मास्तरचा पगार हातात पडताच उधारीत संपतो, आणि दिग्दर्शक हसतो कुणाला? त्याच मास्तरला.

नाठाळ
असहमत. चित्रपट मास्तरला नाही, त्या घड्याळाला हसतो. १२:०८ च्या आधी आलात तर क्रांतिकारक, नंतर आलात तर बघे! ही फूटपट्टी टीव्हीवाल्याची, दिग्दर्शकाची नव्हे. प्रत्यक्षात रोमेनियात हजारावर माणसं मेली, त्यातली बहुतेक चाउशेस्कू पळाल्यानंतर. चित्रपटात शेवटी फोन करणाऱ्या बाईचा मुलगाही २३ तारखेला बुखारेस्टमध्ये मेलेला. त्याला 'उशिरा आलास' म्हणणार का?

खिडकीतला
त्या बाईला दोन मिनिटं मिळतात हो. बाकी अर्धा चित्रपट तीन माणसं एका टेबलामागे आणि हलणारा कॅमेरा.

कोपऱ्यातली खुर्ची
अवांतर: तो कॅमेरा मुद्दामच हलतो, कॅमेरामन पोरगा नवशिका दाखवलाय. आणि म्हातारा कंटाळून कागदाच्या होड्या करतो! मी तर हसून लोळले.

मीठभाकर
नाठाळ, फूटपट्टी चुकीची म्हणून मास्तर खरा ठरत नाही. त्याचे साक्षीदार मेलेले किंवा परदेशी गेलेले, हे जरा जास्तच सोयीचं नाही का?

नाठाळ
खोटं बोलत असेलही. पण फोनवरून त्याला खोटं ठरवणारा बेजान कोण ते बघा. आधी सेक्युरिताते या गुप्त पोलिसांत, आता कारखान्यांचा मालक, आणि वर खटल्याची धमकी. त्याला सोळा वर्षांत कुणी विचारलं नाही, तेव्हा कुठे होतास म्हणून. मास्तरच्या बाजूने फोन करतो तो चिनी दुकानदार, ज्याला मास्तरने आदल्याच रात्री पिऊन शिव्या दिलेल्या.

खिडकीतला
बेजानचा मुद्दा बिनतोड. पण मग त्याला फोनवर का ठेवला? टेबलापाशी, कॅमेऱ्यासमोर बसवायचा होता. घाम पुसायला मास्तर आणि बेजान नुसता आवाज, हा न्याय मला पटत नाही.

मीठभाकर
असली माणसं येतात का स्टुडिओत? फोनच करतात.