मदत हवी आहे: मागच्या चाकावरच्या पत्र्याला फोड आलेत, गंज आत कुठवर गेलाय ते कसं कळणार?

खटारा२२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरची जुनी हॅचबॅक आहे, २२ वर्षांची. इंजिन ठणठणीत आहे, म्हणून विकायचं मन होत नाही. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, कडेपासून दोन बोटं वर, रंगाखाली दोन फोड आलेत. एक शर्टाच्या बटणाएवढा, दुसरा त्याहून लहान. नखाने दाबलं तर रंग दबतो आणि आत भुसभुशीत लागतं.

पेंटर म्हणाला, "घासून लांबी (पुट्टी) भरतो, वर रंग मारतो, काही दिसणार नाही." मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. काही वर्षांपूर्वी उजव्या बाजूला असंच करून घेतलं होतं, आणि आता तिथल्या रंगालाही बारीक तडे दिसायला लागलेत.

गंज वरवरचा आहे की आरपार, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? यातलं स्वतः करण्याजोगं किती? आणखी एक, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर पायाखालचा गालिचा अधूनमधून ओलसर लागतो. त्याचा याच्याशी संबंध आहे, की मी उगाच सुतावरून स्वर्ग गाठतोय?

जुनंलोखंड

बाहेरून दगड लागून रंग उडाला, तर गंज उघड्यावर, तांबूस डागासारखा दिसतो. रंग न फाटता फोड आला, तर बहुतेक वेळा गंज पत्र्याच्या मागच्या बाजूने खात खात पुढे आलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग उचलला जातो. बाहेरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. तेव्हा बटणाएवढ्या फोडामागे तळहाताएवढा प्रदेश सडलेला निघाला तर दचकू नका.

चाकाच्या कमानीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे कडेला एकमेकांवर दाबून जोडलेले असतात. चाकाने उडवलेला चिखल त्या दुमडीत बसतो आणि वरून कोरडा दिसला तरी आत कितीतरी दिवस ओला राहतो. रस्त्यावरचं किंवा समुद्राच्या हवेतलं मीठ त्यात मिसळलं की काम आणखी वेगाने होतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रियाच आहे.

तपासायला एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. धरता धरता एकदम ढिला पडला, तर खाली पत्रा नाही, लांबी आहे. हे उजव्या बाजूला आधी करा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. त्यानंतर चाक काढून, कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर सोडवून, आतून बोट फिरवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. हे शंभरदा सांगितलं तरी लोक शिरतातच.

आता गालिचा. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यात गंभीर ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत! कमान सडली तर गाडी वाईट दिसते. जमिनीचा पत्रा सडला तर सीट कशाला धरून राहणार? गालिचा पाऊस पडल्यावर ओला होतो, की एसी चालवल्यावर?

तिसरागिअर

एवढा व्याप कशाला? खालून डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर मारून घ्या. हवा लागली नाही की गंज थांबतो.

जुनंलोखंड

@तिसरागिअर, स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावर मारलंत तर ठीक. गंजावर मारलंत तर ओल आत कोंडली जाते. जुनं कोटिंग कडक होऊन तडकतं, तड्यांतून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून सगळं काळंभोर, गुळगुळीत. मी एका गाडीचं असं कोटिंग पोपडा धरून ओढलं, तर पत्रा पोपड्याबरोबरच हातात आला.

पानापक्कड

ओलीबद्दल थोडं. पावसानंतर ओलं होत असेल तर वायपरखालची जाळी पाहा. तिच्या खालच्या पन्हळीतून पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. तिथे पाला साचला की पाणी तुंबतं आणि आत यायला वाट शोधतं. एसी चालवल्यावर ओलं होत असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली असेल. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे.

दारांच्या तळाशी लहान भोकं असतात, तीही तारेने मोकळी करा. काचेवरून दारात पाणी उतरणारच, दार तसंच बनवलेलं असतं. फक्त ते खालून बाहेर पडायला हवं. डिकीतलं स्पेअर चाक उचलून खालचा खड्डा बघा. बॅटरीखालचा ट्रेही बघा, तिथे पाण्यापेक्षा ॲसिडचा त्रास जास्त.

खटारा२२ (धागाकर्ता)

सुट्टीचा दिवस याच्यातच गेला. निकाल सांगतो.

उजव्या बाजूला चुंबक तळहाताएवढ्या जागेत धरतच नाही. म्हणजे तेव्हा पत्र्याच्या जागी मी लांबीच विकत घेतली होती. डाव्या बाजूचा फोड टोकरला तर अंगठा जाईल एवढं भोक पडलं. बायको म्हणाली, दुरुस्ती करतोयस की भोकं पाडतोयस?

वायपरखालून दोन मुठी काळा, कुजलेला पाला निघाला. पाइपने पाणी सोडल्यावर पन्हळीत तळं साचलं आणि पाचेक मिनिटांत गालिच्याखालचा फोम ठिबकू लागला. सीट आणि गालिचा काढला. खाली वहीच्या पानाएवढ्या जागेत तपकिरी गंज आहे. टोचून पाहिलं, आरपार कुठेच जात नाही, ठोकल्यावर आवाजही चांगला येतो. सीटचे बोल्ट बसतात ती जागा शाबूत आहे. आता पुढे?

जुनंलोखंड

जमिनीचं काम तुम्ही करू शकता. आधी फोम पूर्ण वाळवा, नाहीतर गालिचा परत टाकल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सुटणारे पोपडे खरवडून काढा, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडर जपून, पाऊण मिलिमीटरचा पत्रा गंजापेक्षा तोच लवकर खाईल. मास्क आणि चष्मा हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पत्रा चकाकेपर्यंत घासलात तरी बारीक खड्ड्यांत काळपट गंज उरेल. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड उरलेल्या गंजाचं स्थिर संयुग बनवतं. सुट्या पोपड्यांवर मात्र ते फुकट जातं. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवून पूर्ण वाळवा, कारण उरलेल्या ॲसिडवर पुढचा थर नीट धरत नाही. मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पक्का थर. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत तांबूस होतो. साधा प्रायमर मारून तसाच सोडू नका, तो सच्छिद्र असतो. शेवटी सांधे बुजवायला सीम सीलर आणि वर रंग.

कमानीचं काम तुमचं नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायला हवा. लांबी ही वेल्डवर पातळ हात मारून सपाटी आणायला असते, भोक बुजवायला नाही. ती पाणी धरते, म्हणूनच उजवी बाजू पुन्हा उघडी पडली. वेल्डरला सांगा, टाके सुटे सुटे आणि जागा बदलत घाल, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. बॅटरी सोडवून ठेवा. पेट्रोलची नळी जवळून जाते का ते त्याला आधी दाखवा.

आणि हे विसरू नका: वेल्डच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो. तिथे हात पोचत नाही. रंगकाम झाल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागांसाठीचं गंजरोधक मेण) आत फवारा, दारांखालच्या पोकळ पत्र्यातही. त्याआधी पाणी जायची भोकं मोकळी करा, नंतर वॅक्सने बुजली नाहीत ना ते पाहा.

तिसरागिअर

बॅटरीला जोडायची इलेक्ट्रॉनिक गंजरोधक पेटी मिळते, तिचा उपयोग होतो का?

पानापक्कड

जहाजाला आणि जमिनीतल्या पाइपलाइनला त्या तत्त्वाचा होतो, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि प्रवाहाला मंडल पूर्ण करता येतं. गाडीभोवती हवा असते. त्यापेक्षा चाकांच्या कमानी आतून धुवा, आणि ओल्या गाडीवर प्लास्टिकचं आच्छादन टाकू नका.

खटारा२२ (धागाकर्ता)

जमीन झाली. पाणी सोडून पुन्हा पाहिलं, फोम कोरडा आहे. वेल्डरने डावी कमान कापली तर आतल्या पत्र्यालाही बोटभर भोक निघालं, तेही त्याने बदललं. उजवीकडची लांबी काढायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

एक शंका राहिली. खाली पाहताना मागच्या ब्रेकच्या लोखंडी नळीवर खवले दिसले. घासून रंग मारला तर चालेल?

पानापक्कड

नाही. ती नळी बदला, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.