मदत हवी आहे: ६० च्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला, उजेड भरपूर पण पिल्लांना ऊबच नाही

नमस्कार मंडळी, गावरान कोंबडीची ५० पिल्लं आणलीत, एक दिवसाची. आम्ही पाटण तालुक्यात, रात्री चांगलाच गारठा पडतोय सध्या. पत्र्याचं गोल कुंपण केलंय, खाली भाताचा तूस, वर पेपर आणि मधोमध दोन बल्ब सोडलेत. सासूबाई दरवेळी ६० चे पिवळे बल्ब लावायच्या पण यंदा आमच्या दुकानात ते नव्हतेच, दुकानदार म्हणाला हे ९ वॅटचे एलईडी न्या, ६० च्या बरोबरीचे आहेत, खोक्यावर पण तसंच छापलंय. उजेड तर इतका की डोळे दिपतात. पण पिल्लं एका जागी गठ्ठा करून एकमेकांवर चढून बसतायत आणि सारखी चिवचिव चालू. बल्बखाली हात धरला तर काहीच लागत नाही. मग बरोबरीचा म्हणजे नक्की कशात? २०-२५ वॅटचा एलईडी आणला तर ऊब येईल का? घरचे म्हणतायत बल्ब खराब आलाय, बदलून आण.

वायरमनभाऊ:
बल्ब ठणठणीत आहे ताई, बरोबरी फक्त उजेडाची. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते. उजेडाचं माप ल्युमेन, खोक्यावर बारीक अक्षरात असेल बघा, ८००-९०० च्या आसपास. जुना ६० चा साधारण ७०० द्यायचा. जुन्या बल्बात टंगस्टनची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापते तेव्हा कुठे ती उजळते, आणि खाल्लेल्या विजेतला शेकडा पाच-दहा भागच उजेड म्हणून दिसतो, बाकी सगळी उष्णता, त्यातली बरीचशी न दिसणाऱ्या किरणांनी थेट खाली पिल्लांच्या अंगावर. खरं तर ती शेगडीच, वर थोडा उजेड फुकट. एलईडीत पण निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते, पण मुळात ९ वॅटच, आणि तीही होल्डरकडच्या बाजूने. चालू एलईडी थोड्या वेळाने मानेपाशी चाचपा, गरम लागेल, पुढचा पांढरा गोळा नुसता कोमट. म्हणजे शेक चाललाय वर पत्र्याला. आधी दोन मिळून १२० वॅट होते आता १८, २५ चे आणलेत तरी ऊब नावालाच आणि पिल्लांना रात्रभर लखलखाट.
(आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणतो ना, तो जुना रंगीत, तो १५ वॅटच्या आसपास खातो. तुमच्या एलईडीपेक्षा जास्त. आणि उजेड बघा त्याचा.)

खुराडेवाला:
+१. पिल्लामागे उन्हाळ्यात १ आणि थंडीत २ वॅट धरतात, ५० ना १०० झाले, सासूबाईंचा हिशोब बरोब्बर होता. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला साधारण ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसेल तरी अडत नाही. बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, लांब पळून चोची उघड्या टाकल्या की जास्त तापलंय, सगळीकडे पसरून दाणे टिपतायत म्हणजे जमलं. त्याप्रमाणे बल्ब वरखाली करायचा. पण आजच काहीतरी करा, एकमेकांवर चढली की खालची गुदमरून मरतात. बल्ब मिळेपर्यंत बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून आत ठेवा, गार झाल्या की बदला.

अनामिक_७:
सरळ गॅस ब्रूडर घ्या की, पिल्लांना ऊब द्यायची गॅसवरची शेगडी.

खुराडेवाला:
५० पिल्लांना? हजारभर आणली असती तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती:
बाटल्या ठेवल्या, जरा शांत झालीत. तालुक्याच्या दुकानात १०० चे पिवळे आहेत म्हणे, ६० चे नाहीत. एक पुरेल का दोन घेऊ? आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की जुना बल्ब लाल व्हायचा, तेव्हा ऊब पण तेवढीच कमी होते का?

वायरमनभाऊ:
दोन घ्या. वॅटच्या हिशोबाने एक पुरेल, पण मध्यरात्री उडाला तर सकाळपर्यंत कळणार नाही. दोन्ही लावून उंच धरा, दीड फुटापासून सुरू करा. व्होल्टेजचं म्हणाल तर २३० चं १८० झालं की उजेड निम्म्याच्या खाली जातो पण वीज खाणं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच घटतं, म्हणजे दिसतो तेवढा तो गार पडलेला नसतो. त्या वेळेपुरता थोडा खाली घ्या. बिल म्हणाल तर दोन १०० चे दहा तासांत २ युनिट.
एक मात्र ऐका, एलईडीला लावलेला प्लॅस्टिकचा होल्डर १०० च्या बल्बाला वापरू नका, मऊ होऊन बल्ब खाली यायचा, आणि खाली सगळा तूस आहे. चिनीमातीचा घ्या. वायरवर लोंबकळत ठेवू नका, वेगळ्या तारेने आढ्याला बांधा. वर बारदान टाकायचं तर बल्बापासून चांगलं लांब. आणि पाण्याचं भांडं बाजूला सरकवा, तापलेल्या काचेवर थेंब उडाला की ती तडकते.