नैराश्यावरील गोळ्या बंद केल्यानंतरही लैंगिक संवेदना परतलेली नाही; यावर कोणते उपचार आहेत?

प्रश्न : मुलुंडकर

मी ३४ वर्षांचा असून विवाहित आहे. अचानक घाबरे होणे, छातीत धडधडणे आणि रात्री झोप न लागणे या तक्रारींसाठी मनोविकारतज्ज्ञांनी मला एसिटालोप्राम हे औषध सुरू केले होते; ते नैराश्याप्रमाणेच अशा घबराटीसाठीही देतात. त्या गोळीने मला खरोखर बरे वाटले आणि गर्दीच्या लोकलमध्ये चढण्याची भीतीही गेली. हे आधीच सांगतो, कारण औषधाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही.

गोळी सुरू असतानाच कामेच्छा कमी झाली होती. औषध थांबले की हे पूर्ववत होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करून गोळी बंद केली, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. तरीही जननेंद्रियाच्या त्वचेला बधिरपणा आहे, ताठरता टिकत नाही आणि वीर्यस्खलन झाले तरी त्यात सुख असे काही जाणवत नाही. पत्नीविषयीचे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही, पण शरीर त्या प्रेमाला साथ देत नाही, आणि हे तिला समजावून सांगताना माझे शब्द अपुरे पडतात. एका डॉक्टरांनी ‘हे सर्व तुमच्या मनात आहे’ असे म्हणून विषय संपवला. या त्रासावर उपचार आहेत का, आणि मुंबईत यासाठी कोणाकडे जावे?

प्रतिसाद १ : निशिगंध

मी मनोविकारशास्त्रात काम करतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, परंतु आपण वर्णन केलेल्या त्रासाची वैद्यकशास्त्रात नोंद आहे, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. त्याला पीएसएसडी म्हणतात, म्हणजे एसएसआरआय या गटातील नैराश्यावरील औषधे थांबवल्यानंतरही टिकून राहणारा लैंगिक त्रास; एसिटालोप्राम याच गटातील आहे. त्याविषयीचे शोधनिबंध २००६ पासून प्रसिद्ध होत आहेत. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या गटातील औषधांच्या माहितीपत्रकात, औषध थांबवल्यानंतरही लैंगिक तक्रारी टिकून राहिल्याचे आढळले आहे, अशी सूचना घालण्याची शिफारस केली आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य विभागानेही तसाच इशारा दिला. त्यामुळे ‘मनात आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानू नका.

२०२२ मध्ये काही तज्ज्ञांनी या निदानाचे निकष मांडले. त्यांत जननेंद्रियाच्या संवेदनेतील टिकून राहिलेला बदल हे आवश्यक लक्षण मानले असून, औषध थांबवून किमान ३ महिने झालेले असावेत आणि दुसरे कोणतेही कारण सापडू नये, अशाही अटी आहेत. या शेवटच्या अटीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. सकाळी ८ ते १० या वेळेत घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन व प्रोलॅक्टिन ही संप्रेरके, थायरॉइड, साखर आणि बी१२ जीवनसत्त्व या तपासण्या करून घ्या. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी१२ कमी असणे नेहमीचे आहे आणि त्या कमतरतेमुळेही नसांवर परिणाम होऊन बधिरपणा येतो. केस गळण्यासाठी फिनास्टेराइड घेत असाल किंवा ॲसिडिटीच्या गोळीत डोम्पेरिडोन वा लेव्होसल्पिराइड असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. शेवटच्या दोन औषधांनी प्रोलॅक्टिन वाढते आणि कामेच्छा मंदावते.

उपचारांविषयी प्रामाणिकपणे सांगायचे, तर सिद्ध झालेला इलाज आज उपलब्ध नाही. सिल्डेनाफिलने (व्हायग्रा) ताठरतेला मदत होऊ शकते, पण त्याने संवेदना परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते मुळीच घेऊ नये. ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरील दुसऱ्या औषधाचा उल्लेख आपल्या वाचनात येईल; त्याचा पुरावा मुख्यतः मूळ गोळी सुरू असतानाच्या दुष्परिणामांसंबंधी आहे. त्याने फीट येण्याचा धोका वाढतो, शिवाय काहींची अस्वस्थताही वाढते, म्हणून आपल्या पूर्वीच्या तक्रारी पाहता ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०१५ मध्ये एका रुग्णाला कमी शक्तीच्या लेझरने काही प्रमाणात संवेदना परत मिळाल्याचे प्रसिद्ध झाले होते, परंतु एका रुग्णाच्या अनुभवावर खर्चिक उपचारांचा निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आतापर्यंत नेमके कारणच उलगडलेले नसल्यामुळे जो कोणी खात्रीचा इलाज सांगेल त्याच्यापासून दूर राहा.

परळच्या केईएम रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा विभाग आहे. तेथून सुरुवात करता येईल.

प्रतिसाद २ : गिरगावातील वाचक

हा त्रास स्त्रियांनाही होतो, आणि आम्हाला तर त्याबद्दल विचारलेच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. फ्लुओक्सेटिन हे त्याच गटातील औषध बंद केल्यानंतर माझी संवेदना बराच काळ गेली होती. पुढे ती काही प्रमाणात परतली, पण पूर्वीइतकी नाही, आणि कशामुळे परतली हे मी सांगू शकत नाही, कारण त्या काळात मी कोणतेही औषध घेत नव्हते. आम्हा दोघांना समुपदेशनाचा उपयोग झाला. त्याने बधिरपणा गेला नाही, मात्र यजमानांना वाटणारी ‘हिला आता मी नकोसा झालो’ ही शंका गेली आणि प्रत्येक जवळीक म्हणजे परीक्षा, असे वाटणे थांबले. आपल्या पत्नीला डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या. जे आपल्याला सांगता येत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे तिला सोपे जाईल.

रेल्वे स्थानकांबाहेर ज्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, त्या ‘गुप्तरोग’ दवाखान्यांच्या वाटेला कृपया जाऊ नका. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही त्या सर्वत्र दिसतात, याचा मला फार संताप येतो. मन फार खचले आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मुलुंडकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. ॲसिडिटीसाठी मी पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली गोळी बऱ्याच महिन्यांपासून घेत आहे आणि हे मी आजवर कोणत्याही मनोविकारतज्ज्ञांना सांगितलेले नाही, कारण त्याचा या त्रासाशी संबंध असू शकेल असे मला कधी वाटलेच नाही.

निशिगंध

मग प्रोलॅक्टिनची तपासणी आधी करा, आणि ज्यांनी ती गोळी दिली त्यांना तिची आता गरज आहे का, हे विचारा. मात्र सर्व आशा त्यावर ठेवू नका. वाढलेल्या प्रोलॅक्टिनने कामेच्छा आणि ताठरता कमी होण्याचा उलगडा होतो, त्वचेच्या बधिरपणाचा तितकासा होत नाही.

आणखी एक विनंती आहे. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे या दुष्परिणामाची नोंद करा. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, तसेच रुग्णांना स्वतः भरता येईल असा वेगळा अर्जही आहे. त्यात पूर्ण नाव न देता आद्याक्षरे दिली तरी चालतात. औषधाचे नाव, मात्रा, ते सुरू आणि बंद केल्याच्या तारखा आणि त्रास केव्हा सुरू झाला हे मात्र लिहावे लागते. जुन्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्यांवरून तारखा पडताळून घ्या आणि त्याच चिठ्ठ्या केईएमलाही सोबत न्या.