पिकअपच्या मागं ट्रॉली जोडून वरुडहून जालन्याले कलमं न्याची हायेत, जमंल का?

संत्रावाला_वरुड
राम राम मंडळी. शेंदूरजना घाटच्या नर्सरीतून संत्र्याची कलमं उचलून जालन्याकडं जावईबापूंच्या वावरात पोचवाची हायेत. माह्याकडं बोलेरो पिकअप हाय अन् एक दोन चाकी छोटी ट्रॉली हाय, ट्रॅक्टरची, ते ट्रॉली पण त्यायलेच देऊन टाकाची हाय म्हणून म्हटलं एकाच फेरीत दोन्ही कामं होतीन. ट्रॉली रिकामी सहा-सातशे किलो असंल, कलमं पिशवीच्या मातीसकट दीड टनाच्या आसपास, अन् थोडी कलमं पिकअपच्या डाल्यात. गावातला वेल्डिंगवाला म्हणते मांगं हूक मारून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. गाडी ओढंल का? क्लच जाईन का? अन् समृद्धीनं जाऊ का जुन्या रोडनं? कोणी नेली असंल तर सांगा.

गाडीवान_कारंजा
भाऊ ओढाचं टेन्शन घेऊ नका, ओढते ते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधी चढ पण काढते. थांबवाचं काय ते इचारा. तुमची भरलेली ट्रॉली सव्वादोन टनाच्या घरात जाते, म्हणजे रिकाम्या पिकअपपेक्षा जड, अन् तिले स्वतःचं ब्रेक नाही, मंग मालेगाव-मेहकरकडच्या उतारावर पुढं कोणी अचानक ब्रेक मारला तर तुमच्या चार चाकांनं दोन्ही वजनं धराची हायेत. अशा टायमाले ट्रॉली मागून ढकलते अन् गाडी आडवी होते. ट्रॅक्टरची गोष्ट येगळी हाय, तो पंचवीस-तीसनं चालते अन् त्याची मागची चाकं केवढाली असतात. उतार लागला का आधीच गिअर खाली घ्याचा, उतारात गेल्यावर नाही, अन् ब्रेकवर पाय ठेवून बसाचं नाही, लायनर तापले का ब्रेक लागतच नाही.

दुसरं म्हणजे भरती. सगळ्यात जास्त लोकं इथंच चुकतात. हुकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के आलं पायजे, म्हणजे तुमच्या सव्वादोन टनावर सव्वादोनशे ते सव्वातीनशे किलो. मागं जास्त भरली तर दांडी वर उचलते अन् साठच्या पुढं ट्रॉली डावीकडं-उजवीकडं शेपटी हलवल्यासारखी झुलते, एकदा झुलायले लागली का वाढतच जाते. तवा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट करू नका, रेसवरचा पाय काढा अन् सरळ धरून ठेवा, स्पीड उतरला का बसते. मोजाचं कसं तर धर्मकाट्यावर फक्त ट्रॉलीची दांडी जॅकवर टेकवा, चाकं प्लेटच्या बाहेर, जो आकडा येईन तो हुकाचा भार. काटेवाला कटकट करते पण चहा पाजा.

अन् तो भार पिकअपच्या मागच्या ॲक्सलवरच येते बरं, म्हणून डाल्यात तेवढा माल कमी भराचा. दोन्हीकडं खचाखच भरलं तर पुढची चाकं हलकी होतात अन् स्टिअरिंग तुमचं ऐकत नाही.

फिटरभाऊ
वेल्डिंगवाल्याले थांबवा पहिले. बम्परले नाही तर मागच्या आडव्या पट्टीले हूक चिकटवून देतात अन् झटका बसला का पट्टीसकट हातात येते. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर प्लेट घेऊन हाय टेन्साइल बोल्टनं बसवा, चेसिसवर वेल्डिंग मारू नका, तिथून चीर जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन अन् कडी ढिली असते, दर गिअरले खटकन् वाजते, तो खटका पूर्ण चेसिसवर जाते. पिनीले क्लिप पायजे, अन् दोन साखळ्या दांडीखालून एकमेकीले आडव्या, म्हणजे पिन निसटली तरी दांडी रोडवर न पडता साखळीच्या झोळीत राह्यते.

बेअरिंगमधी ताजं ग्रीस. निघून वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून दोन्ही हब हातानं पाहा, हात ठेववत नसंल तर बेअरिंग गेलं समजा. टायर पाहा, शेतीच्या ट्रॉलीचे टायर हळू चालीसाठी असतात, अन् बहुतेक लोकं त्यावर रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चिकटवलेलं) चढवून ठेवतात, साठ-सत्तरनं दिवसभर पळवले का पट्टा सुटते. स्टेपनी अन् ट्रॉलीच्या नटचा पाना सोबत पायजे, पिकअपचा पाना त्याले लागंलच असं नाही.

लायटीचं सांगतो: ब्रेक, इंडिकेटर, टेललॅम्प तिन्ही ट्रॉलीवर पायजेत, सात पिनचा सॉकेट बसवून घ्या. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी मारा, अंधारात बिना लायटीच्या ट्रॉलीत मागून घुसल्याच्या बातम्या दर हंगामात वाचतोच की.

कागदपत्रं_पहिले
ट्रॉलीले वेगळं रजिस्ट्रेशन अन् वेगळा इन्शुरन्स लागते, पिकअपच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही, काही झालं तर क्लेमच्या टायमाले पहिले हेच काढतात. शेतीच्या नावावर पासिंग झालेली ट्रॉली भाड्याच्या मालाले चालत नाही, तुमचं घरचं हाय म्हणून ठीक पण नर्सरीची पावती सोबत ठेवा. हूक बसवाच्या आधी आरटीओत इचारून घ्या, कंपनीनं जशी गाडी देली त्यात बदल करताना परवानगीचा नियम हाय (कलम ५२). ओव्हरलोड धरला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर २० हजार दंड अन् वरच्या दर टनाले २ हजार, वरून जास्तीचा माल उतरवायले लावतात ते येगळं.

लायसनचं टेन्शन नाही, ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४मधी पुन्हा तेच सांगितलं.

मेहकरचा_पोऱ्या
समृद्धीवर ट्रॅक्टर, टू व्हीलर, थ्री व्हीलर चालत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं पाहून टोलवाला सोडंलच याची गॅरंटी नाही, अन् सोडलं तरी बाजूनं १२०नं कार जातात अन् तुम्ही पन्नासनं. काँक्रीटवर उन्हात टायर लय तापतात. जुन्या रोडनं या, मोर्शी, अमरावती, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, सरळ जालना. गावोगावी ब्रेकर हायेत, एकदम हळू घ्या नाहीतर हूक उडते. अन् वळणावर ट्रॉली आतून कापते, बैलगाडी नाही तर पानटपरी घेऊन जाईन सोबत.

संत्रावाला_वरुड
लय चांगलं सांगितलं सगळ्यायनं. ब्रेकचं तर डोक्यातच नोतं. मंग असं केलं तर, कलमं आयशरमधी अन् ट्रॉली पिकअपच्या मागं रिकामी?

गाडीवान_कारंजा
हेच करा. वरुडात १४ फुटी आयशर भेटते, दीड-दोन टनाले ते काहीच नाही. रिकामी ट्रॉली सहाशे किलोची, ते पिकअपले जड नाही, हूक मात्र फिटरभाऊ म्हणते तसाच बसवा अन् पन्नासच्या वर जाऊ नका. रिकामी ट्रॉली ब्रेकरवर जास्त उडते म्हणून तळाशी समोरच्या अंगाले मातीची दोन-चार पोती टाका अन् बांधा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूले ठेवा, जिकडं हात नेसान तिकडं ट्रॉली जाते, नाहीतर डोकं फिरते.

संत्रावाला_वरुड
अन् आयशरवर ताडपत्री टाकू का? वाऱ्यानं पानं वाळतीन अशी भीती हाय.

बागवाला
गच्च ताडपत्री टाकली तर आत वाफ धरते अन् पानं गळतात. वरून हिरवी नेट दोरीनं ताणून बांधा, फडफडली नाही पायजे, बाजूनं ओलं गोणपाट. भराच्या आदल्या सांजेले पाणी द्या, भराच्या टायमाले नको, नाहीतर ओल्या मातीच्या पिशव्या खालच्या थरात दबून फुटतात. दोन थर लावसान तर मधात फळ्या टाका, कलमाच्या डोळ्यावर वजन नाही आलं पायजे, तिथून मोडलं का खालची जंबेरीच (ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधते ते झाड) वाढते. सांजेले निघा, आयशर सकाळपर्यंत पोचते. तुमची पिकअप मात्र दिवसाउजेडी. अन् जावईबापूले सांगा उतरवल्यावर लगेच लावू नका, दोन-तीन दिवस झाडाखाली सावलीत ठेवा.