मदत हवी आहे: सर्व्हर सांभाळायला दोघं तरी हवेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींना विनंती. आपल्या ओपन सोर्स मराठी शब्दकोशात शब्द भरायला हात पुष्कळ आहेत, सर्व्हर मात्र बेवारस आहे. साइट सुरक्षित (https) ठेवणारं, लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो, पण फायरवॉलने ८० नंबरचा पोर्ट (वेबसाइटच्या साध्या एचटीटीपी रहदारीचं दार) अडवला की डोमेन आपलंच आहे ना, ही एचटीटीपी पडताळणी फसते. नवं आलं तरी एनजिनएक्स हा वेबसर्व्हर रीलोड केल्याशिवाय जुनंच दिसतं. रिन्यूची ड्राय-रन (खरं सर्टिफिकेट न बदलता घेतलेली रंगीत तालीम) चाचणी दरमहा कोण घेईल? बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून कोण बघेल? रिस्टोर न तपासलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. डोमेनचा पासवर्डही एकाकडेच आहे. सगळा भार एकावर नको: २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स साधनात बॅकडोअर (गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा) शिरलं, तेही एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) दबाव आणूनच. लिनक्सची कमांड लाइन येणाऱ्यांनी खाली नाव कळवा, बाकीचं शिकवू.