सिएरा लिओन : बिंटुमानी की टिवाई? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको सिएरा लिओनला जायचं म्हणतोय. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात आपल्याकडून हौसेने फिरायला जाणारे थोडेच, त्यामुळे मराठीत काही वाचायला मिळेना. इथलं कोणी कामानिमित्त फ्रीटाउनला राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दोघंही पन्नाशीतले आहोत, सह्याद्रीत भटकायची सवय आहे. हाताशी जेमतेम दोन आठवडे. देश महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढासुद्धा नाही, पण राजधानी सोडली की रस्त्यात फार वेळ जातो असं सगळेच सांगतात. म्हणून डोंगर आणि जंगल यांतलं एकच नीट करावं असं वाटतंय.

डोंगर म्हणजे ईशान्येकडच्या लोमा पर्वतातलं बिंटुमानी. उंची सुमारे १९४५ मीटर, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर जास्त. आधी गावच्या प्रमुखाला भेटून परवानगी घ्यायची, वाटाड्या आणि हमाल तिथूनच घ्यायचे, अशी रीत आहे. माझी अडचण हवेची आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन वारा येतो आणि धुळीने सगळं धूसर होतं. एवढं चढून माथ्यावरून काहीच दिसणार नसेल तर नोव्हेंबरअखेरीस जावं का? की तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असल्याने गवत आणि ओढे त्रास देतात?

जंगल म्हणजे मोआ नदीतलं टिवाई बेट. माझा कल इकडे आहे. जेमतेम बारा चौरस किलोमीटरच्या बेटावर माकडवर्गातल्या अकरा जाती! डायना माकड, कोलोबस, रानटी चिंपांझी, आणि नशीब जोरावर असेल तर रात्री बाहेर पडणारा पिग्मी पाणघोडा. जुलै २०२५ मध्ये गोला वर्षावनासह टिवाई जागतिक वारसा यादीत गेलं. त्या देशाचं हे पहिलंच वारसास्थळ. आजूबाजूच्या गावांचा कारभारात वाटा आहे, हे मला फार आवडलं. कांबामा गावातून होडीने जायचं एवढं कळलंय. बो शहरातून तिथवर खाजगी गाडी लागतेच का, की मोटारसायकलवाले सोडतात?

यजमानांना काळजी लासा ज्वराची आहे. पूर्वेकडच्या केनेमा भागात तो आढळतो आणि उंदरांमुळे पसरतो. अन्न झाकून ठेवणं आणि उंदरांचा वावर असलेली जागा टाळणं यापलीकडे तिथे राहिलेले लोक काय करतात? पीतज्वराची लस आम्ही निघण्याच्या दहा दिवस आधी घेणारच आहोत. तिचा दाखला तिथे उतरताना लागतो आणि भारतात परतल्यावरही. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेऊ.

किनाऱ्यांबद्दल फारसं विचारायचं नाही. रिव्हर नंबर टू, टोके, बुरे, जमलं तर केंटहून होडीने बनाना बेटं. रानाने भरलेले डोंगर थेट पांढऱ्या वाळूपर्यंत उतरतात, तेव्हा शेवटचे दिवस तिथेच काढू. फक्त एक : लुंगी विमानतळ खाडीपलीकडे आहे आणि आमचं विमान रात्री उशिरा उतरतं. अंधारात होडीने फ्रीटाउन गाठावं की ती रात्र लुंगीतच काढावी?

मी शाकाहारी आहे. भात सगळीकडे मिळतो, पण कसाव्याच्या पानांच्या कालवणात सुकी मासळी असतेच म्हणे. गावात सांगून वेगळं करून देतात का? की शिधा बरोबर न्यावा?

आणि शेवटचं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. फ्रीटाउनजवळचं टाकुगामा हे १९९५ मध्ये बाला अमरशेखरन यांनी सुरू केलेलं चिंपांझींचं आश्रयस्थान. आजूबाजूची जंगलतोड थांबावी म्हणून २०२५ मध्ये त्यांनी ते पर्यटकांसाठी बंद केलं. ते योग्यच केलं असं मला वाटतं. पुन्हा उघडलंय का, कोणी अलीकडे गेलंय का? बंदच असेल तर त्यांना मदत करायचा खात्रीचा मार्ग कोणता, तेही सांगा.